नारळाखालचं बोट

तोंडवलीचा किनारा खाली राहतो. तिथून चढण चढून वर आलं की आमची वाडी. सगळा जांभ्याचा सडा, नुसतं पठार. उघडाबोडका काळा दगड, मधे मधे काजूची झाडं, आणि मार्च लागला की पाण्याच्या नावाने शंख. खाली नजर पोचत नाही एवढा समुद्र पसरलेला आणि वर माणसं कळशीभर गोड्या पाण्यासाठी एकमेकांची उणीदुणी काढतायत. असल्या गावात ज्याला पाणी सापडतं त्याला देवाच्या खालोखाल मान असतो. सत्यवान परबाला तो होता. मला नव्हता, कारण मी विज्ञानाचा मास्तर.

आम्ही दोघे चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. मग त्याच्या बापाने त्याला गुरांमागे लावला आणि माझ्या बापाने मला मालवणच्या शाळेत. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झालो, तो अजून अनवाणी सडा तुडवतो. मला ‘मास्तर’ म्हणतो, पण त्यात आदर किती आणि टवाळी किती हे मला बासष्टाव्या वर्षीही नक्की सांगता येणार नाही.

त्याची पाणी बघायची रीत अशी. सकाळी उपाशीपोटी यायचं. शेंडी ठेवून सोललेला नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांच्या टोकाकडे. डोळे अर्धे मिटायचे आणि जमिनीवरून चालत सुटायचं. कुणी बोलायचं नाही. पाणी असेल तिथे नारळ शेंडी वर करून हळूहळू उभा राहतो. तिथे दगडाची खूण करायची. पैसे घ्यायचे नाहीत. तो नारळ मालकाने जपून ठेवायचा, पाणी लागलं की विहिरीवर फोडायचा आणि त्यातला एक तुकडा सत्यवानाला द्यायचा. कुणी त्याची स्तुती केली की त्याचं उत्तर ठरलेलं, “माझा काय नाय त्येच्यात. बघता तो नारळ. मी फकत खाली हात धरतंय.”

मी त्याच्याशी किती वाद घातला असेल! नारळाला तीन डोळे असतात हे मीही वर्गात दाखवलं आहे, पण त्यातून त्याला दिसतं असं मला कुठल्या पुस्तकात आढळलं नाही. “अरे, दहाबारा ठिकाणी कोरडी गेली त्याचं काय?” असं मी विचारायचो. तो म्हणायचा, “मास्तरा, तुझी पोरां सगळी पास झाली?”

तर गेल्या माघातली गोष्ट. आनंदी म्हणून एक बाई आहे आमच्या वाडीत. नवऱ्याची सगळी नोकरी मुंबईत झाली. तो गेल्यावर ही बाई ठाण्याच्या मुलीकडे, अपेक्षाकडे, न राहता सासऱ्यांच्या पडीक जमिनीवर परत आली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिने सड्यावर खड्डे मारून, माती भरून, दोनशे काजूची आणि पन्नास हापूसची कलमं लावली. लोक हसले. मीही हसलो. तिची जुनी विहीर मार्चात तळ दाखवते, मग ती टेंपोतून पाणी आणून एकेका कलमाला तांब्यातांब्याने पाजते, जशी बाळंतीण पोराला पाजते. दोन उन्हाळे तिने असे काढले. तिसऱ्या वर्षी मुलीला शब्द देऊन बसली की यंदा पाणी झालं तर राहीन, नाही तर मे महिन्यात सगळं सोडून ठाण्याला येईन. शब्द मोडणाऱ्यांतली ती नाही, म्हणून मला काळजी वाटली. आणि तिने सत्यवानाला बोलावलं.

मला मुलाने नवा मोबाइल दिला होता. त्यात पळणाऱ्या गोष्टी संथ करून दाखवायची सोय आहे. म्हटलं, चला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण नारळाच्या बाबतीत आरसा धरूनच बघू. सत्यवान चालत होता तेव्हा मी बाजूने चालत सगळं टिपून घेतलं. नारळ जमिनीच्या उतरत्या कोपऱ्यात उभा राहिला. खूण झाली. विहीर खणणारी माणसं सोमवारी येणार असं ठरलं.

घरी येऊन मी ते चित्रण संथ करून बघितलं आणि खुर्चीतून उठलोच. नारळ हलायच्या आधी, चांगला अर्धा सेकंद आधी, त्याच्याखालचं अनामिकेचं बोट वर येत होतं. अगदी बारीक, पण स्पष्ट. बोट आधी, नारळ मागाहून. चाळीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. मला इतका आनंद झाला की सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या अंगणात जाऊन मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. तो चिडेल, म्हणेल यंत्र खोटं आहे, याची मी तयारी करून गेलो होतो. तो चिडला नाही. त्याने सात वेळा बघितलं. मग स्वतःचा हात वर करून ते बोट हलवून बघितलं.

“ह्या माझा बोट?” त्याने विचारलं.

“मग काय माझं?”

“पण माका म्हायत नाय रे मास्तरा. देवाशपथ. मी हलवूक नाय.”

त्याचा चेहरा बघितला आणि माझा आनंद तिथेच आटला. मला वाटलं होतं मी एक भोंदूपणा उघडा पाडतोय. समोर भोंदू कुणी नव्हताच. ज्याला फसवलं होतं तोच तेवढा समोर होता.

इथवर ठीक होतं. पण सत्यवान हा सत्यवान. त्याच दुपारी तो आनंदीकडे गेला आणि म्हणाला, “थंय खणू नको गो. नारळ उभो रवलो नाय, मीच केलंय. माज्या बोटार तू पैसे घालू नको.” खणणाऱ्यांनाही त्यानेच नको म्हणून कळवलं. ते दुसऱ्या कामावर गेले, आता चैत्रापर्यंत त्यांना सवड नव्हती. आनंदी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“मास्तरानू, तुमका काय गरज हुती?”

मी म्हटलं, “सत्य समजायला नको?”

“समाजला न्हंय? आता कलमांका पाण्याबदली तांच घालतंय,” असं म्हणून ती निघून गेली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तरी चाललं असतं, पण इथे दुसऱ्याच्या अडीचशे कलमांवर सुकायची वेळ येणार होती.

पुढचे आठ दिवस सत्यवानाच्या घरून ज्या बातम्या आल्या त्या ऐकून आधी हसू आलं, मग येईना. त्याची बायको यशोदा वाटेत भेटली. म्हणाली, “भावजी, ह्यांका काय केलास तुमी? जेवूक बसले की घास हातात धरून बघत रवतत. इचारतत, ‘ह्यो मी उचललो काय ह्या हातान?’ काल नारळ सोलताना हाताकडे बघीत बसले आणि अंगठोच कापलो.” ज्या माणसाने आयुष्यात हजारो नारळ गप्पा मारत सोलले, त्याने तो हात कसा चालतो हे बघायला घेतलं आणि हात चालेनासा झाला. चालताना तो पायरीवर अडखळायला लागला. पाय कधी उचलायचा हे ठरवायला गेला म्हणजे असंच होणार.

नवव्या दिवशी मी माफी मागायला गेलो. सत्यवान अंगणात अंगठ्याला चिंधी बांधून बसला होता. यशोदा आत भाकरी थापत होती. मी माफी मागितली. त्याने ती बाजूला सारली. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं.

“मास्तरा, एक इचारतंय. इतकी वर्सां तू पोरांक मारलस. तां ठरवून?”

“अर्थात ठरवून,” मी म्हणालो. “रागाच्या भरात मी कधी हात उचलला नाही. गुन्हा काय, कुणाचा, किती, सगळा विचार करून मगच छडी. मला स्वतःवर ताबा आहे, सत्यवाना.”

आतून यशोदेचं हसणं ऐकू आलं. ती पीठभरल्या हातांनी दारात आली. “भावजी, आमच्या चंदनाक इचारा.” चंदन म्हणजे त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी, आता गोव्यात असतो. “तो म्हणायचो, मास्तरांचो हात घड्याळाच्या पट्ट्याक गेलो की समाजचा. पट्टो सैल झालो की आज कोण तरी मार खातलो. मगे मास्तर चष्मो सारखो करतत, मगे प्रश्न इचारतत, मगे गुन्हो सांगतत, मगे छडी. पोरां पट्टो सैल होतानाच हात चड्डीक पुसूक लागत.”

“साफ खोटं,” मी म्हणालो. मला भयंकर राग आला होता.

सत्यवानाने फक्त माझ्या मनगटाकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्या उजव्या हाताची बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर होती आणि पट्टा एक घर सैल झालेला होता.

चौतीस वर्षं मला वाटत होतं की मी निवाडा देतो. निवाडा आधीच झालेला असायचा, मी तो फक्त वाचून दाखवत होतो. आणि हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ठाऊक होतं, एका मला सोडून. ज्यांना उगीच मार बसला असेल ती पोरं डोळ्यांसमोर आली. मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे रस्ता आधी तयार होतो आणि मग पाहुणा येऊन फीत कापतो, पाटीवर नाव मात्र त्याचंच लागतं. माझं मन चौतीस वर्षं तेच करत आलं होतं. काम दुसरंच कुणी करत होतं, मी फीत कापत होतो.

“म्हंजे तुजापण बोटच?” सत्यवानाने विचारलं.

“माझंपण बोटच.”

नऊ दिवसांत तो पहिल्यांदा हसला. हसता हसता थांबला आणि म्हणाला, “पण मगे बोटाक कोण सांगता रे?”

तो प्रश्न घेऊन मी घरी आलो, जेवलो, आणि ते चित्रण पुन्हा उघडलं. खरं सांगतो, अकरा मिनिटांच्या त्या चित्रणातलं मी शेवटचं अर्धं मिनिटच बघितलं होतं. गुन्हा सापडला म्हटल्यावर गुन्ह्याच्या आधीचं बघतो कोण? वर्गातही मी तेच करत असणार. आता पहिल्यापासून बघितलं. बोटाकडे न बघता माणसाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सत्यवान आणि आनंदी दोघांना तिच्याच पडवीत बसवलं. आनंदी माझ्याशी बोलत नव्हती, चहा मात्र तिने दिला.

“बोट तुझंच आहे, ते मी मागे घेत नाही,” मी सत्यवानाला म्हणालो. “पण हे बघ. इथे तुझी मान वळली. कशाकडे?”

तो मोबाइलवर वाकला. “थंय चिरेत काय तरी हिरवा आसा. रुंबड.” रुंबड म्हणजे उंबर. दगडाच्या भेगेत वीतभर रोप होतं.

“आणि इथे?”

“रोयण,” तो म्हणाला. वारूळ होतं ते.

“इथे पाऊल हळू पडलं. पायाची बोटं दगडावर दाबलीस. पुढे गेलास, परत फिरलास. पुन्हा तिथेच आलास. हे सगळं झाल्यावर मग बोट उचललं गेलं.”

“माका ह्यातला काय्येक आठवत नाय,” सत्यवान म्हणाला. आणि मग त्याची जी गाडी सुरू झाली! माघात सगळा सडा करपलेला असताना रुंबडाचं पान इतकं हिरवं कसं? वारूळ ओलीशिवाय होत नाही. तो कोपरा उतरता आहे, पहाटेचं धुकं तिथे सगळ्यात शेवटी उठतं. आणि गुरं राखायचा तेव्हा बापाने शिकवलं होतं की दुपारच्या उन्हात म्हैस कुठे जाऊन बसते ते बघ, तिथला दगड पायाला थंड लागतो. त्या कोपऱ्यात त्यांच्या म्हशी बसायच्या. अर्धा तास तो बोलत होता. मी वहीत उतरवून घेत होतो. चौथीत सोडलेल्या शाळेचं त्याने तिथे बसून माझ्यावर उट्टं काढलं.

“हे तू इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“माका तरी खंय म्हायत हुता?”

आनंदी इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “दादा, थंयच खणूया.”

सत्यवान एकदम उठून उभा राहिला. “नको गो. आता नारळ धरलंय तर उभो रवणा नाय. काल घरात करून बघितलंय. मी बोटाक बघतंय, बोट माका बघता. आणि पाणी नाय लागला तर तुका घर सोडून जावक व्हया. ता माका सोसाचा नाय.”

“मी खंय नारळाक बोलवलंय?” आनंदी म्हणाली. “माका नारळाचो इश्वास कदीच नव्हतो. मुंबयत तीस वर्सां रवललंय मी. मी तुका बोलवलंय.”

सत्यवानाने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही उत्तर देईन. मी चहाचा कप खाली ठेवला आणि खणणाऱ्यांना फोन लावला.

चैत्रात खणणारी माणसं आली. ब्रेकरने वरचा जांभा फोडायला चार दिवस गेले. दहा फूट, पंधरा, वीस. लाल धूळ उडायची आणि आनंदीच्या कलमांवर जाऊन बसायची. कलमांची खालची पानं गळायला लागली होती. सत्यवान रोज सकाळी येऊन मातीच्या ढिगावर बसायचा, दोन्ही हात काखेत खुपसून. मी विचारलं, असा का बसतोस? म्हणाला, “हात भायर ठेवलो तर ह्येच्याकडे बघूक होता.” अठ्ठावीस फुटांवरही कोरडाच दगड. त्या दिवशी अपेक्षाने फोन करून सांगितलं की मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय. आनंदीने ‘बरं’ म्हटलं आणि तांब्या घेऊन कलमांकडे गेली. मी पहिल्यांदा, कुणाला न सांगता, पाणी लागावं म्हणून मनात काहीतरी पुटपुटलो.

दहाव्या दिवशी एकतीस फुटांवर जांभा संपला आणि खाली पांढरी चिकणमाती लागली. तिच्या आणि दगडाच्या सांध्यातून आधी ओल आली, मग दुपारपर्यंत करंगळीएवढी धार. संध्याकाळी खाली माणसाच्या गुडघ्याला पाणी लागलं. बादली वर आली. आनंदीने ओंजळभर घेऊन चाखलं. दुसरी ओंजळ सत्यवानापुढे धरली. त्याने चाखलं आणि पंच्याने डोळे पुसले. गोडं पाणी होतं.

एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. जांभ्याखाली पाणी बऱ्याच ठिकाणी असतं, आणि त्याच्या कोरड्या गेलेल्या विहिरीही मी विसरलेलो नाही. पण त्या संध्याकाळी हे बोलून दाखवायची मला गरज वाटली नाही. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, शहाणपण आत्ता येतंय.

दुसऱ्या दिवशी माघातला तो नारळ आनंदीने फळीवरून काढला. वाडीतली दहाबारा माणसं जमली. देवाला गाऱ्हाणं सत्यवानानेच घालायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा असं ठरलं. अशा वेळी मी नेहमी जरा लांब, हात मागे बांधून उभा राहतो. विज्ञानाच्या मास्तराने कसं उभं राहावं याचा वस्तुपाठ म्हणून. त्या दिवशीही मी तसाच उभा राहायचं ठरवलं होतं.

“बा देवा म्हाराजा,” सत्यवानाने सुरुवात केली, “आज ह्या लेकराच्या जमनीत जां काय पाणी गावला, तां बारमास असाच रवांदे. हेच्या कलमांका फळ धरांदे. हेच्या चेडवाक, अपेक्षाक, आवशीच्या हातचो आंबो खावक गावांदे. आणि बघणाऱ्याच्या हातात जो कोण बघता, तेका आमी वळाखणव नाय, तेचीव किरपा रवांदे.”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत जो आवाज निघाला तो माझा होता. माझे हात छातीपाशी जोडलेले होते. ते मागचे पुढे कधी आले, कुणी जोडले, मला अजूनही सांगता येत नाही. आनंदी तोंडाला पदर लावून हसत होती. दोन महिन्यांत ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

“मास्तरा,” सत्यवान म्हणाला, “आज कोणी तरी व्हिडिओ काढूक व्हयो हुतो.”

मग नारळ फुटला. आनंदीने पहिला तुकडा सत्यवानाला दिला. तो मला विचारत होता की पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी पाणी बघायला जायचंय, वही घेऊन येशील का. बोलता बोलता त्याने खोबरं घेतलं, तोंडात टाकलं आणि चावायला लागला. हाताकडे त्याने बघितलंही नाही.